आधी कोणाला, मग कोणाला: सभासद-संस्था चालवणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. निर्णय चुकला अशी तक्रार थोड्यांचीच. तो कळला कधी, कसा आणि कोणाच्या तोंडून, यावरून मात्र भांडणं भरपूर. व्यावसायिक संघटना, उद्योगसंघ, तज्ज्ञांची मंडळं अशा संस्थांतून ही पत्रं आली आहेत. सभासद वर्गणी भरतात, निवडून आलेली कार्यकारिणी धोरण ठरवते आणि पगारी कार्यकारी अधिकारी रोजचा गाडा ओढतो, अशी ही रचना. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेत दर वर्षी अध्यक्ष बदलतात. मी सात वर्षं कार्यकारी संचालक आहे. नवे अध्यक्ष थेट माझ्या कर्मचाऱ्यांना फोन करून कामं सांगतात, रात्री अकराला मेसेज टाकतात. थांबवावं तर मी उद्धट ठरते, न थांबवावं तर कार्यालयात माझा शब्द राहत नाही.

‘थांबवणं’ हा शब्द आधी डोक्यातून काढा. बारा महिन्यांसाठी आलेला माणूस घाईत असणारच. पहिले दोन महिने संस्था समजून घेण्यात जातात, शेवटचे दोन पुढच्या निवडणुकीच्या वाऱ्यात. उरतात आठ. तेवढ्यात त्यांना काहीतरी करून दाखवायचं असतं आणि कार्यालय कसं चालतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मग जो फोन उचलेल त्याला ते काम सांगतात.

पदभार घेतल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दोघांचीच दीड तासाची बैठक घ्या. निवड जाहीर झाल्यावर आणि पदभारापूर्वी जमली तर उत्तमच. बैठकीला जाताना मागच्या तीन महिन्यांत संस्थेने घेतलेले वीस खरे निर्णय एका कागदावर लिहून न्या : छपाईचा पुरवठादार बदलला, वक्त्याचं मानधन वाढवलं, एका सभासदाच्या तक्रारीला लेखी उत्तर दिलं, सरकारी मसुद्यावर हरकती पाठवल्या, असे. प्रत्येकापुढे चार रकाने ठेवा : कार्यकारिणीने ठरवायचं, दोघांनी बोलून ठरवायचं, मी ठरवून कळवायचं, आणि मी ठरवायचं पण कळवायचीही गरज नाही. दोघांनी वेगवेगळ्या प्रतींवर खुणा करायच्या आणि मग कागद शेजारी ठेवायचे. चौदा-पंधरा ठिकाणी खुणा जुळतील, पाच-सहा ठिकाणी जुळणार नाहीत. पुढच्या मार्चमध्ये भांडण नेमकं तिथेच पेटलं असतं. ते आता, राग नसताना, कागदावर मिटतं.

उरलेल्या वेळात चार गोष्टी ठरवा. यंदाची मुख्य कामं दोन, तीन नकोत. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचं बोलणं. तातडीचं असेल तर फोन, आणि मेसेज कधीही टाकला तरी उत्तर पुढच्या कामाच्या दिवशी. बाहेर बोलायची वेळ आली तर धोरणावर अध्यक्ष, आकडे आणि कामकाजावर तुम्ही.

कर्मचाऱ्यांबाबतचा नियम एका ओळीचा ठेवा : माहिती कोणालाही विचारा, काम मात्र संचालकांमार्फत सांगा. माहितीवर बंदी घालायला गेलात तर तुम्ही काहीतरी लपवताय असा वास येतो. कर्मचाऱ्यांनाही तयार वाक्य द्या, कारण अध्यक्षांना ‘नाही’ म्हणायची ताकद त्यांच्याकडून अपेक्षू नये : ‘हे काम टिपून घेतलं, कशाच्या आधी घ्यायचं ते संचालकांना विचारून आज संध्याकाळपर्यंत कळवतो.’ यात नकार नाही, पण रस्ता बदललेला आहे.

तोंडी बोलणं झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेसेज टाकायची सवय लावून घ्या : ‘आज ठरलं ते असं : १) परिषदेचं स्थळ मी शुक्रवारपर्यंत नक्की करते. २) दोन प्रमुख वक्त्यांशी तुम्ही बोलणार. ३) शुल्कसवलतीचा विषय कार्यकारिणीपुढे. माझ्याकडून काही निसटलं असेल तर सांगा.’ शेवटचं वाक्य शोभेचं नाही. त्यामुळे हा मेसेज पुरावा गोळा केल्यासारखा वाटत नाही.

एक बाब इथे अनेकांच्या लक्षात येत नाही. कार्यकारिणीचा अधिकार कार्यकारिणीच्या सभेत असतो. सभा उठली की एकेका सदस्याच्या खिशात तो जात नाही. अध्यक्षांनाही घटनेने आणि ठरावांनी दिलेत तेवढेच अधिकार. तेव्हा बैठकीपूर्वी आपली घटना आणि उपविधी नीट वाचा. पण अध्यक्षांसमोर कलमांची उजळणी करू नका. कलम दाखवून जिंकलेला वाद वर्षभर महाग पडतो.

ही बैठक पहिल्या खटक्यानंतर घेतली तर तिला खुलासा मागितल्याचा रंग चढतो, म्हणून ती खटक्याआधीच व्हायला हवी. आणि उपाध्यक्ष, म्हणजे पुढच्या वर्षीचे अध्यक्ष, या सगळ्याबाहेर राहिले तर बारा महिन्यांनी तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. नवव्या महिन्यापासून त्यांना साप्ताहिक बोलण्यात घ्या.

प्रश्न : नऊ वर्षं वर्गणी वाढलेली नाही. कार्यकारिणीने ३५ टक्के वाढीचा प्रस्ताव केला आहे आणि मला ‘परिपत्रक काढा’ म्हणून सांगितलं आहे. वार्षिक सभेत गदारोळ होणार हे मला आत्ताच दिसतंय.

परिपत्रक काढायला अजून वेळ आहे, आधी हिशेब मांडा. संस्थेचा खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर नऊ वर्षांपूर्वी १०० मध्ये होणाऱ्या कामाला आज १५५ लागतात. उलटीकडून पाहिलं तर आजची वर्गणी तेव्हाच्या ६४ टक्के इतकंच काम करते. ५ टक्के हा आकडा आम्ही उदाहरणापुरता घेतला आहे. तुम्ही आपल्या ताळेबंदातला खरा घ्या. महागाई वाढली एवढंच सांगून भागत नाही; ती सभासदाच्या घरीही वाढलेलीच असते.

मग पायऱ्यांचा विचार करा. एका फटक्यात ३५ टक्के, की तीन वर्षं साडेदहा-साडेदहा? दुसऱ्या मार्गानेही तिसऱ्या वर्षी वाढ ३५ टक्क्यांच्या जवळच पोचते. पण तीन वर्षं तीन ठराव म्हणजे तीन भांडणं. म्हणून तिन्ही टप्पे एकाच ठरावात मांडा. चौथ्या वर्षापासून दर वर्षी लहान वाढ करायचा अधिकार, कमाल मर्यादेसह, कार्यकारिणीला द्यावा का, हा प्रश्न मात्र वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र बांधले तर दुसऱ्यापायी पहिलाही पडतो.

कार्यकारिणीला धास्ती असते ती सभासद गळण्याची. त्याचंही गणित सोपं आहे : ३५ टक्के वाढीनंतर चारांतला एक सभासद निघून गेला तरी वर्गणीचं उत्पन्न आजच्याइतकंच राहतं. हा आकडा कार्यकारिणीच्या धीरासाठी आहे. सभासदांसमोर तो उच्चारू नका. ‘गेलात तरी चालेल’ असाच त्याचा अर्थ लावला जातो.

आता क्रम. सभेच्या आठ आठवडे आधी कोषाध्यक्ष आणि तुम्ही दोन पानांचं टिपण तयार करा. सहा आठवडे आधी दहा-बारा माणसांना एकेक करून फोन : माजी अध्यक्ष आणि हमखास विरोध करणारे. हा फोन मन वळवायला करायचा नाही. ‘सभेत तुम्ही कोणता प्रश्न विचाराल?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. पाच आठवडे आधी शाखाप्रमुखांची बैठक, चार आठवडे आधी सर्व सभासदांना पत्र. तीन आणि दोन आठवडे आधी एकेक ऑनलाइन प्रश्नोत्तरांचं सत्र, एक दिवसा आणि एक संध्याकाळी. शेवटच्या आठवड्यात आलेले सगळे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकाच कागदावर. सभेच्या नोटिशीची मुदत घटनेत काय आहे ते पाहून हे आठवडे मागेपुढे करा.

शाखाप्रमुखाला ही बातमी साध्या सभासदाच्या मोबाइलवरून कळली, की तो समर्थक असला तरी त्या दिवशी विरोधक होतो. रक्कम त्याला पटलेलीही असेल. त्याची अडचण निराळी आहे : चार लोकांत त्याला विचारलं गेलं आणि त्याला काही माहीत नव्हतं.

पत्राची भाषा जवळून पाहू. नेहमीचा मसुदा असा असतो : ‘वाढती महागाई व संस्थेचे विस्तारते उपक्रम यांचा साकल्याने विचार करून कार्यकारिणीने वर्गणीत यथोचित वाढ करण्याचे सर्वानुमते ठरविले आहे, तरी सर्व सभासदांनी सहकार्य करावे ही विनंती.’

यात आकडा नाही. ‘यथोचित’ कोणाच्या मते, ते कळत नाही. ‘सर्वानुमते ठरविले’ वाचून सभासदाला वाटतं, दार बंद झालं, आता सभेत फक्त ओरडायचं उरलं. शिवाय तो निर्णय सर्वसाधारण सभेचा असेल तर हे वाक्य चक्क खोटं आहे. आणि ‘सहकार्य’ हा शब्द संस्था फक्त गैरसोयीच्या वेळी काढतात, हे वाचणाऱ्याला पाठ असतं.

त्याऐवजी असं लिहा : ‘पुढची तीन वर्षं वर्गणी दर वर्षी साडेदहा टक्क्यांनी वाढवावी, असा प्रस्ताव आम्ही वार्षिक सभेपुढे आणत आहोत. मागची वाढ नऊ वर्षांपूर्वी झाली. तेव्हापासूनचा खर्च, पगारांसह, सोबतच्या पानावर आहे. प्रस्ताव नामंजूर झाला तर पुढच्या वर्षी प्रशिक्षणवर्ग बारावरून सातवर येतील. वर्गणी चार हप्त्यांत भरता येईल. निर्णय सभेत मतदानाने होईल.’

‘बारावरून सातवर’ हे वाक्य तुम्ही खरोखर तसं करणार असाल तरच लिहा. पोकळ धमकी एकदाच खपते. ‘पगारांसह’ हा शब्दही गाळू नका. सभेतला पहिला प्रश्न कार्यालयाच्या पगारांवरच येतो. तो विचारावा लागला तर आरोप होतो, आधीच छापलेला असला तर आकडा राहतो. सभेत मांडणी सात मिनिटांत, कोषाध्यक्षांनी करावी. ज्याचा पगार त्या वर्गणीतून निघतो त्याने वाढ मागायला उभं राहू नये.

प्रश्न : ऑनलाइन सभेचं रेकॉर्डिंग आणि यंत्राने तयार केलेलं इतिवृत्त आता सहज मिळतं. तेच दुरुस्त करून पाठवलं तर चालेल का?

कच्चा माल म्हणून चालेल, इतिवृत्त म्हणून नाही. अमेरिकी लष्करातले अभियंते हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी १८७६ साली सभाकामकाजाची नियमावली छापली. जगभरच्या संस्था आजही ज्या सभापद्धतीचा आधार घेतात तिच्यातलं साधं सूत्र असं : सभेने काय केलं ते इतिवृत्तात असावं, कोण काय बोललं ते नव्हे. यंत्र नेमकं उलट करतं. कोण काय बोललं ते ते भरभरून देतं आणि सभेने काय केलं ते अंदाजाने.

चुका ठराविक जागी होतात. ‘असं करायला हरकत नसावी’ हे कोणाचं तरी मत ‘असे ठरले’ होऊन बसतं. घाईत उच्चारलेला ‘नाही’ गळतो आणि वाक्याचा अर्थ फिरतो. एकाच आडनावाचे दोघे असले की एकाचा विरोध दुसऱ्याच्या नावावर चढतो. दोन भाषा मिसळून बोललं गेलं की आकडे आणि तारखा बिघडतात. त्यामुळे हे चार तपासल्याशिवाय मसुदा पुढे जाऊ देऊ नका : निर्णय, नकार, नावं, आकडे.

त्याहून चांगला उपाय सभेतच करता येतो. मतदानापूर्वी ठरावाचे शब्द पडद्यावर लिहून मोठ्याने वाचा. एरवी ‘म्हणजे आपण असं करू या’ वर सगळे माना डोलावतात आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं. प्रत्येक विषयाखाली चार ओळी पुरतात : ठराव शब्दशः, सूचक आणि अनुमोदक, मतांची संख्या किंवा ‘एकमताने’, आणि कोण काय कधीपर्यंत करणार. मसुदा ४८ तासांत अध्यक्षांकडे आणि सात दिवसांत सदस्यांकडे जावा. महिना उलटल्यावर आलेलं इतिवृत्त कोणी वाचत नाही, पुढच्या सभेत ‘वाचून कायम’ होतं आणि चूक तशीच कायम होते.

रेकॉर्डिंगचं धोरण आधी ठरवा : सुरुवातीला सांगायचं, इतिवृत्त कायम झालं की पुसायचं, आणि कर्मचाऱ्यांच्या किंवा कायदेशीर विषयांवर यंत्र बंद. ते चालू असताना लोक जपून बोलतात, आणि नेमकं जे ऐकायला हवं तेच सभेनंतरच्या फोनवर जातं.

प्रश्न : सभासदसंख्या साधारण स्थिर आहे. १२०० होते, वर्षअखेर ११८०. तरीही काहीतरी निसटतंय असं वाटतं. तरुण तर टिकतच नाहीत.

वाटतंय ते बरोबर आहे, फक्त तुमची बेरीज ते झाकते. वर्षात नवे किती आले ते पत्रात नाही, २४० धरू. वर्षअखेरच्या ११८० मधून २४० वजा केले की जुन्यांपैकी टिकले ९४०. म्हणजे १२०० मधले २६० गेले आणि नूतनीकरणाचा दर ७८ टक्के. वीसच कमी झाले असं दिसतं, कारण भोक पडलेल्या हंड्यात वरून पाणी ओतणं चालू आहे. ७८ टक्क्यांना एक सभासद सरासरी साडेचार वर्षं टिकतो. हाच दर ८८ झाला तर आठ वर्षांहून अधिक.

पुढची पायरी बहुतेक संस्था करत नाहीत : हा दर फोडून पाहा. समजा, १२०० पैकी २४० जण पहिल्याच वर्षाचे होते आणि त्यांतले १२० टिकले, म्हणजे निम्मे. उरलेल्या ९६० पैकी ८२० टिकले, म्हणजे ८५ टक्के. तर एकूण सभासदांत पाचवा हिस्सा असलेल्या नवख्यांनी जवळजवळ निम्मी गळती केली. औषध मग सरसकट ‘सभासद जोडो’ मोहिमेत सापडत नाही. ते पहिल्या वर्षात शोधायचं.

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्षमन यांनी १९७० साली मांडलं होतं, की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा आवाज उठवणं. वार्षिक सभेत जो तावातावाने भांडतो तो अजून तुमचा आहे. नवखा भांडत नाही, वर्गणी भरायची विसरतो. म्हणून त्याचा आवाज तुम्हाला शोधत जावं लागतं.

मुदत संपून तीन आठवडे व्हायच्या आत पंचवीस-तीस जणांना फोन करा. ‘का सोडलंत?’ असं विचारू नका. ‘वेळ मिळत नाही हो’ हे सभ्य उत्तर मिळेल आणि फोन संपेल. विचारा : ‘वर्षभरात संस्थेकडून मिळालेली कोणती गोष्ट प्रत्यक्ष वापरलीत?’ आणि ‘शेवटचं कधी वाटलं, की हे संस्थेला विचारावं?’ त्या फोनवर पुन्हा सभासद व्हायची गळ घालायची नाही, नाहीतर पुढची उत्तरं बिघडतात. दहाव्या-पंधराव्या फोनपासून तीच दोन-तीन कारणं परत ऐकू येऊ लागतात.

नव्या सभासदाचे पहिले नव्वद दिवस आखून ठेवा. दोन दिवसांत पोच, त्यात फक्त एक उपयोगाची गोष्ट : त्याच्या कामाचा एखादा नमुना, तक्ता किंवा नियमांचं टिपण. बारा दुवे असलेलं स्वागतपत्र कोणी उघडत नाही. दहा दिवसांत त्याच क्षेत्रातल्या एका सभासदाचा फोन, पाच मिनिटांचा, कार्यालयाचा नव्हे. तिसाव्या दिवसाच्या आसपास नवख्यांचं छोटं सत्र, दहा-पंधरा जणांचं. साठाव्या दिवशी चार-सहा तासांचं एखादं काम सोपवा : मसुदा तपासणं, एका सत्राचं सूत्रसंचालन, दोन प्रश्नांची उत्तरं लिहिणं. तरुण टिकत नाहीत असं म्हणणाऱ्या संस्था त्यांना बहुधा दोनच गोष्टी देऊ करतात, खुर्चीत बसून ऐकणं किंवा तीन वर्षांची समिती. मधलं काहीच नसतं.

नूतनीकरणाची आठवण मुदतीच्या ९०, ६०, ३० आणि ७ दिवस आधी, मुदतीच्या दिवशी, मग १५ आणि ४५ दिवसांनी. सगळीकडे एकच मजकूर डकवू नका. पहिल्या दोन पत्रांत पैशाआधी ‘या वर्षी तुम्ही काय वापरलंत’ हे यावं, शेवटच्या दोन तर दोन-दोन ओळींच्या असाव्यात. वर्गणी भरल्यावरही आठवण जात राहिली, तर त्या एका पत्राने आधीच्या सहांवर पाणी पडतं. रोजची जमा आणि पाठवण्याची यादी जुळवण्याचं काम एका ठराविक माणसाच्या नावावर असू द्या.

प्रश्न : प्रशिक्षणात सांगितलं, की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, ३८ आवाजाचा आणि ५५ चेहऱ्याचा. मग मी मसुद्यावर एवढे कष्ट का घेतो?

घेत राहा. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून हे आकडे आले. प्रश्न मर्यादित होता : बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही हे ऐकणारा कशावरून ओळखतो, विशेषतः शब्द आणि सूर जुळत नसतील तेव्हा. वर्गणीची वाढ, नियमबदल किंवा लेखापरीक्षणाचा अहवाल यांना ते सूत्र लागू नाही. चेहऱ्यावरून कोणाला अंतिम तारीख कळत नाही.

प्रश्न : कार्यालयातल्या एका व्यक्तीने रकमेत घोळ केल्याचा संशय आहे. चौकशी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरू लागले. वकील म्हणतात गप्प राहा, अध्यक्ष म्हणतात सगळं सांगून टाका.

वकिलांचं बरोबर आहे ते नाव, रक्कम आणि दोष यांच्याबाबत. अध्यक्षांचं बरोबर आहे ते चौकशी चालू आहे हे कबूल करण्याबाबत. या दोन्हींमध्ये पाच वाक्यांची जागा आहे, आणि वकिलांना दाखवून ती त्याच दिवशी भरायची :

‘संस्थेच्या काही आर्थिक व्यवहारांत विसंगती आढळली आहे. कार्यकारिणीने बाहेरच्या तपासनीसांकडे चौकशी सोपवली आहे. ती पूर्ण होईपर्यंत बँकेतून रक्कम काढण्यासाठी दोन पदाधिकाऱ्यांची सही बंधनकारक केली आहे. कोणत्याही व्यक्तीबद्दल आम्ही आत्ता बोलणार नाही. पुढचं निवेदन गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता येईल.’

यातलं एखादं पाऊल उचललं नसेल तर ते वाक्य काढा, किंवा आधी पाऊल उचला. पाठवायचा क्रम : कार्यकारिणी, मग कर्मचारी, मग शाखाप्रमुख, मग सगळे सभासद, आणि हे सगळं तीन तासांत. त्याहून अंतर पडलं तर मधल्या पायरीवरून मजकूर फुटतो. कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष एकत्र बसवून सांगा. संशयाची नजर सगळ्यांवरच फिरत असते आणि फोनला उत्तरं देणारेही तेच असतात. त्यांच्या हाती एक वाक्य द्या : ‘याबद्दलचं निवेदन आज सगळ्यांना गेलं आहे, तुम्हाला पुन्हा पाठवतो.’

ग्रुपवर वाद घालू नका. निवेदन एकदा टाका, नवा प्रश्न आला की तेच पुन्हा. ‘काही विघ्नसंतोषी मंडळी’ असे शब्द तर अजिबात नकोत, कारण स्क्रीनशॉट खरा निघाला तर विघ्नसंतोषी तुम्ही ठरता. फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सअॅपमध्ये आहे, पण ती शांततेच्या काळात वापरायची गोष्ट : सूचनांचा ग्रुप वेगळा, गप्पांचा वेगळा, हे आधीच करून ठेवावं. आग लागल्यावर गप्पांच्या ग्रुपला कुलूप लावलंत तर तासाभरात दुसरा ग्रुप उघडतो. त्यात तुम्ही नसता.

आणि गुरुवारी सहा वाजता सांगण्यासारखं काही नसलं तरी निवेदन जायलाच हवं : ‘चौकशी चालू आहे, आज नवीन माहिती नाही, पुढचं निवेदन सोमवारी ६ वाजता.’ ते बुधवारीच लिहून ठेवा. गुरुवारी सहाच्या सुमारास कोणीतरी हमखास बैठकीत अडकलेलं असतं.